तिकडे सुट्टी

भाड्याची खोली बघायला म्हणून मी त्या घरासमोर जाऊन उभी राहिले, तेव्हा आधी माणूस दिसलाच नाही, फळा दिसला. ओसरीच्या भिंतीला टांगलेला, शाळेत असतो तसला काळा फळा, आणि त्यावर खडूनं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं :

‘उद्या सोमवार. तिकडे सुट्टी. कारण : कामगार. नोंद घ्यावी.’

मी मुळातली चिडकी. त्यात कोपरगावसारख्या कालव्याच्या गावातून उचलून मला पाथर्डीत आणून टाकलेलं. शाळेत भूगोल शिकवायचा, चार दिवसांनी येणाऱ्या टँकरची वाट बघायची आणि वर ही अशी कोडी सोडवायची! मी मोठ्यानं म्हणाले, “तिकडे म्हणजे कुठं?”

आतून आवाज आला. नाकातून येणारा, लांबवलेला, प्रत्येक शब्द वेगळा ठेवणारा. “खोलीच्या चौकशीसाठी आलेल्या भगिनींनी... कृपया... आत यावे.”

खरं सांगते, मी वर बघितलं. कुठं भोंगा लावलाय का म्हणून.

ते आमचे घरमालक. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, आणि पाठीमागं कंट्रोलर. तीस-एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण बोलताना डावी मूठ आपोआप तोंडासमोर यायची, माईक धरल्यासारखी. उंच, वाळके, अंगात बाराही महिने खाकी अर्धा स्वेटर. मे महिन्यातसुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “ऑफिसात पंखा डोक्यावर होता बाई. सवय लागली.” आता इथं पंखा नव्हता, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

“तिकडे म्हणजे अमेरिका,” त्यांनी मला बसायला पाट देत सांगितलं. “आमची लेक आहे तिथं. सप्टेंबरचा पहिला सोमवार, कामगारांचा दिवस. आता गंमत बघा, कामगारांचा दिवस म्हणून सगळे कामगार घरी! आपल्याकडं कामगार दिन असला की मला डबल ड्यूटी असायची.”

“त्याचा खोलीशी काय संबंध?”

“काही नाही,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलं, तिकडे म्हणजे कुठं.”

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, खोली घ्या न घ्या, पण त्यांना प्रश्न विचारू नका. माझा स्वयंपाक राहतो.”

मी खोली घेतली. आणि पुढची दीड-दोन वर्षं प्रश्नच विचारत राहिले.

त्यांच्या ओसरीत दोन घड्याळं होती. एकाखाली कागद चिकटवलेला, ‘पाथर्डी’. दुसऱ्याखाली, ‘मिशिगन’. कुणीही वेळ विचारली की ते दोन्ही सांगायचे. दूधवाल्याला सांगायचे, “सव्वासहा, आणि तिकडे कालचे पावणेआठ.” दूधवाला बिचारा मान डोलवून जायचा. भूगोलाची बाई भाडेकरू मिळाली याचा त्यांना कोण आनंद! रेखांश म्हणजे काय हे त्यांनी माझ्याकडून तीनदा समजून घेतलं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं त्या काळी अख्खा देश आपापली घड्याळं एक तास मागं घ्यायचा, हे लेकीच्या पत्रातून कळलं तेव्हा ते हादरलेच. खुर्चीवर चढून मिशिगनचं घड्याळ मागं करता करता मला म्हणाले, “बाई, एक तास दोनदा येणार? मग त्या तासातल्या गाडीचं काय? पहिल्या दीडला सोडायची का दुसऱ्या दीडला?”

मी खुर्ची घट्ट धरून ठेवली.

फळ्याचा नियम कडक होता. सुट्टी लिहायची तर कारण लिहायलाच पाहिजे. नोकरीत असताना ते स्थानकाच्या फळ्यावर लिहायचे, ‘शेवगाव गाडी : ४० मिनिटे उशीर. कारण : पंक्चर.’ त्यांचं म्हणणं असं, की कारणाशिवाय गाडी थांबत नाही, मग अख्खा देश कसा थांबेल? आणि कारण मिळालं नाही की त्यांना जेवण जायचं नाही. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तिकडं जुन्या राष्ट्राध्यक्षांची सुट्टी असते. दोघांच्या जयंत्या जवळजवळ आल्या म्हणून एकाच सोमवारात बसवल्या, असं त्यांनी कुठूनसं शोधलं आणि दिवसभर खूश होते. “एकच गाडी, दोन थांबे! हे आपल्या वरच्या साहेबांना कधी सुचलं नाही बघा.”

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. तिकडचे बरेच सण तारखेनं नाहीत, वारानं येतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, मेचा शेवटचा सोमवार. शेजारच्या आक्काला हे त्यांनी असं समजावलं, “घोडेगावचा जनावरांचा बाजार कसा, वार धरून भरतो. तारीख कोण बघतं? तसंच.”

आक्का म्हणाली, “मंग त्यांच्यात बी म्हशी इकत्यात का सनाला?”

“नाही गं. त्या दिवशी आभार मानतात.”

“म्हशीचं?”

आप्पांनी मूठ तोंडासमोर नेली आणि तशीच खाली घेतली. आक्काशी बोलताना त्यांचं असं बऱ्याचदा व्हायचं.

ही आक्का म्हणजे शेजारची शेतकरीण, जिभेला हाड नाही आणि मनात खोट नाही. माझ्या पहिल्याच वर्षी नेमकी दिवाळीच्या दिवसांत तिकडची भोपळ्याची रात्र आली. आप्पांनी लेकीला पत्रातून विचारून सगळी माहिती काढलेली. लाल भोपळा आणला, वरचं देठ टोपीसारखं कापलं, आतला गर काढून काकूंना दिला, काकूंनी त्याचे घारगे केले. इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग त्यांनी भोपळ्याला डोळे पाडले, नाक पाडलं, दातसुद्धा पाडले. आत पणती ठेवली आणि दिवेलागणीला तो फाटकाच्या खांबावर नेऊन बसवला. गल्लीतल्या पोरांना बोलावून सांगितलं, “दारात येऊन म्हणायचं, खाऊ नाहीतर खोडी! मग मी घारगे देणार. नोंद घ्या.”

पोरांना काय, घारगे मिळाले. पण आक्का शेतातून उशिरा परत आली. दिवस अवसेचे, आणि दारात कापलेला भोपळा, आत आग, वर दात! तिनं डोक्यावरचा भारा टाकला तो टाकलाच.

“आगं बया बया! कंट्रोलरच्या दारात करनी केली कुनी तरी! ये बाई, भाईर ये, बग काय हाय ते!”

पाच मिनिटांत निम्मी गल्ली जमली. कुणी म्हणे लिंबू आणा, कुणी म्हणे हात लावू नका. टोकाच्या घरची सून मागून मान उंच करून विचारत होती, “आकाशकंदील छान आहे, कुठून आणला?” आप्पा मधोमध उभे राहून मूठ तोंडासमोर धरून सांगत होते, “कृपया... घाबरू नये... हा भोपळा... अमेरिकन आहे.” त्यानं तर लोक जास्तच घाबरले.

शेवटी काकूंनी बाहेर येऊन पणती फुंकली आणि भोपळा उचलून गोठ्यातल्या गाईपुढं टाकला. गाईनं दातासकट खाल्ला. पण सकाळी उठून बघते तर आक्कानं फाटकाला लिंबू-मिरची बांधलेली, आणि आप्पा तिच्यासमोर उभे राहून वहीत लिहून घेत होते. काय लिहिताय, म्हटलं. म्हणाले, “लेकीला कळवायला पाहिजे. त्यांच्या भोपळ्यावर आपला उतारा काय ते.”

आणि ती घूस! ते तर मी वर्गातसुद्धा सांगायचे. फेब्रुवारीच्या दोन तारखेला तिकडं घुशीसारखं एक जनावर बिळातून काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही दिसली तर संपली. हे आप्पांना इतकं पटलं, की त्या दिवशी सकाळी साडेसहापासून परसातल्या बिळापाशी स्टूल टाकून बसले. काकू भांडी घासता घासता कडाडल्या, “त्या घुशीनं माझं बाजरीचं पोतं फाडलं, तिला काठी घालायची सोडून पंचांग विचारताय?” घूस काही आली नाही. आप्पांनी फळ्यावर लिहिलं, ‘घूस रद्द. कारण : उपलब्ध नाही.’

चार जुलैला त्यांनी अंगणात शेंगा भाजल्या आणि दिवाळीतली उरलेली लवंगी माळ लावली. रस्त्यानं चाललेले हवालदार सायकलवरून उतरले. “काय आप्पा, मॅच जिंकली का?”

“अमेरिका स्वतंत्र झाली.”

“कधी?”

“झाली की दोनशे वर्षं.”

हवालदार विचारात पडले. मग मूठभर शेंगा घेऊन गेले.

मी हसायची. सगळेच हसायचे. पण मला कुतूहल वेगळंच होतं, आणि ते मला सुखानं झोपू देत नव्हतं. हा माणूस आयुष्यात मुंबईच्या पलीकडं गेला नाही. याला अमेरिकेचं इतकं कशाला? लेक तिकडं आहे म्हणावं, तर गावात आणखी दोघांची मुलं परदेशात होती. ते आईबाप पोराचे फोटो दाखवायचे, पगार सांगायचे. आप्पा कधी लेकीबद्दल अवाक्षर बोलायचे नाहीत. फक्त तिकडच्या सुट्ट्यांबद्दल.

जूनमध्ये एकदा मी शाळेतून आले तर फळ्यावर होतं, ‘तिसरा रविवार. तिकडे वडिलांचा दिवस. कारण :’ आणि पुढं कोरं. मी हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत सगळं पुसून टाकलेलं.

त्या संध्याकाळी मी काकूंना सरळच विचारलं. काकू बाजरी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“तुम्ही बाई एकदा तरी दिवाळीत त्या स्टँडवर गेलायत का? नगर, पुणे, मुंबई, सगळ्या जगाला घरी जायचं असतं. ऊसतोडीला निघालेली माणसं पोराबाळांसकट फलाटावर बसलेली. जादा गाड्या सोडायच्या. मग कंट्रोलरला सुट्टी कसली? आमच्या लग्नापासून नोकरी संपेपर्यंत ह्यांची एक दिवाळी घरात नाही. पहिली आंघोळ नाही, पाडवा नाही, भाऊबीज नाही. पोरगी लहान होती तेव्हा उटणं वाटीत तसंच ठेवायची, आप्पा आल्यावर लावू म्हणून. ते वाळून जायचं.”

“पण सगळ्याच एस.टी.वाल्यांचं तसं असतं ना काकू?”

“असतं की. ते तिलाही कळायचं. पण तिचा दिवाळसण.” काकूंनी बाजरीतला एक खडा उचलून फेकला. “लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई आलेले. दोन दिवस राहिले. हे दोन्ही दिवस ड्यूटीवर. पुढच्याच महिन्यात ती दोघं अमेरिकेला जायची होती. निघाली त्या दिवशी मी पोचवायला गेले स्टँडवर. तुडुंब गर्दी. ती खिडकीत बसून ऑफिसच्या दाराकडं बघतीय, बघतीय. आणि भोंग्यातून ह्यांचा आवाज, ‘नगरमार्गे पुण्याकडे जाणारी गाडी... फलाट क्रमांक दोनवरून... सुटत आहे.’ तिचीच गाडी हो! पंधरा पावलांवर ऑफिस, पण हे बाहेर आले नाहीत. गाडी गेली.”

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“तिकडून तिचं पहिलं पत्र आलं, मला. त्यात लिहिलं होतं, मला निरोप द्यायला माझे वडील लाऊडस्पीकरवर आले होते. बस. त्यानंतर सगळी पत्रं मलाच. शेवटी एक ओळ, आप्पांना नमस्कार.”

पुढचं काकूंनी सांगितलं आणि मला तो फळा कळला. आप्पा निवृत्त झाल्यावर काकूंच्या पत्राच्या खाली उरलेल्या जागेत त्यांनी पहिल्यांदा एक ओळ लिहिली होती, ‘तिकडे पुढची सुट्टी कधी व कारण काय?’ दुसरं काही लिहायचा त्यांना धीर नव्हता. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि विचारपूस करायची तर चार वर्षं उशीर झालेला. लेकीचं उत्तर एका ओळीत आलं. त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर दोन ओळींचं झालं. घुशीवर तिनं अख्खा परिच्छेद लिहिला. भोपळ्यावरच्या लिंबू-मिरचीची हकिगत वाचून तर तिनं वेगळ्या कागदावर पत्र पाठवलं, वर ‘ती. आप्पांस’ लिहून. तो कागद महिनाभर खाकी स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात होता. काकू धुवायला शर्ट मागायच्या तर देत नसत.

म्हणजे या माणसाला अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्या लेकीशी बोलायला विषय पाहिजे होता. मी त्या दिवसापासून त्यांच्या फळ्याला हसायचं सोडलं. इतर गोष्टींना हसत राहिले, त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर पत्र आलं. लेक येणार होती, अडीच वर्षांच्या नातीला घेऊन. आप्पांनीच मागच्या पत्रात लिहिलं होतं की आभाराच्या सणाला ये, तिकडं सलग सुट्टी असते, रजा कमी मोडेल. तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. जावयाला रजा मिळाली नव्हती. बुधवारी दुपारी पोचणार.

मग काय विचारता! आप्पांनी वहीच केली. टर्की नावाचा पक्षी पाथर्डी, शेवगाव, नगर, कुठंच नाही. मग गावठी कोंबडा ठरला. काकू ओट्याजवळून गरजल्या, “गुरुवारी? मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्या घरात कोंबडा? मी घट मांडून उपाशी बसणार आणि तुम्ही तंगडी तोडणार?”

आप्पांनी कॅलेंडर बघितलं. खरंच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. दोन्ही देशांचं वेळापत्रक एकाच फलाटावर आलेलं. त्यांनी वहीत कोंबड्यावर काट मारली आणि लिहिलं, ‘बदली गाडी : भरलेला भोपळा.’ काकूंनी मान्य केलं. मला आणि आक्काला जेवणाचं बोलावणं आलं. त्या सणात जेवणाआधी प्रत्येकानं कशाचे तरी आभार मानायचे असतात, म्हणून दोन दिवस आधी विचार करून ठेवायची सूचनाही आली.

बुधवारी लेक आली. आप्पांसारखीच उंच. पोरगी कडेवर झोपलेली. आप्पा ओसरीत उभे होते, नवा खाकी स्वेटर घालून. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तिनं वाकून नमस्कार केला. आप्पांनी मूठ तोंडासमोर नेली, मग ती खाली घेतली आणि फळ्याकडं बोट दाखवलं.

‘उद्या गुरुवार. तिकडे मोठा सण. कारण : आभार. इकडेही साजरा होईल.’ खाली रंगीत खडूनं काढलेला पक्षी. कोंबडा आणि मोर यांच्यामधलं काहीतरी.

लेकीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि खांबाला टेकून रडायला लागली.

“आप्पा, दोन दिवस विमानं बदलत, पोरीला सांभाळत आले मी. तिकडचाच सण करायला?”

आप्पांचा चेहरा बघवेना. “तुला... तुझा सण...”

“माझा सण दिवाळी आहे आप्पा!” ती म्हणाली. “तिकडं दिवाळीला सुट्टी नसते. ह्या दिवाळीला मी सकाळी सहाला ही पोरगी झोपेत पाळणाघरात टाकली आणि ऑफिसला गेले. बर्फासारखा गार वारा, गाडीत एकटी. आणि एकदम तुमचा आवाज आठवला. फलाट क्रमांक दोन. म्हटलं, मी तर आप्पांसारखीच झाले. सणाला ड्यूटीवर. इतकी वर्षं मी तुमच्यावर रागावून बसले, आणि आता माझी पोरगी माझ्यावर बसेल.” तिनं नाक पुसलं. “मला एक दिवाळी पाहिजे होती. तुम्ही घरात असलेली. एकच. पण ती तर महिन्यापूर्वी होऊन गेली.”

काकू आतल्या दारात, मी माझ्या खोलीच्या दारात. मिशिगनचं घड्याळ टिकटिक करत होतं.

आप्पा फळ्यापाशी गेले. बाहीनं पुसलं, तो पक्षीसुद्धा. मग लिहिलं :

‘उद्या पहाटे. जादा दिवाळी. कारण : मागील थकबाकी.’

आणि आमच्याकडं वळून म्हणाले, “गर्दी असली की जादा गाडी सोडायचो. त्याला वरची परवानगी लागायची. ह्याला कुणाची लागते?”

“उटणं नाही घरात,” काकू म्हणाल्या, पण आवाज भिजलेला होता. “आणि पाणी? टँकर परवा.”

मी माझ्या खोलीतलं पाण्याचं पिंप ढकलत ओसरीत आणलं. पाण्यावरून मी त्या घरात सगळ्यांशी भांडलेली होते, अगदी आप्पांशीसुद्धा. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि पिंपाला दुसऱ्या बाजूनं हात लावला. आक्कानं भिंतीवरून सगळं ऐकलेलंच होतं. “माज्या घरी उटनं हाय उरल्यालं,” ती ओरडली, “आन करंज्या बी हायेत, पर लई कडक झाल्यात. चालत्याल का?”

पहाटे साडेचारला बंब पेटला. बाहेर चांगलीच थंडी. आप्पा पाटावर बसले, उघडे, आखडून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. त्यांना कुठं हात ठेवायचे ते कळत नव्हतं. काकूंनी डोक्यावर तेल घातलं. लेकीनं पाठीला उटणं लावलं. वाटीतलं संपेपर्यंत ती लावत राहिली. नात बाजूला उभी राहून आजोबांच्या पोटावर उटण्याची दोन बोटं ओढून बघत होती. कारीट मिळालं नाही, म्हणून आप्पांनी पायाखाली आक्काच्या परसातलं कच्चं वांगं फोडलं. आक्कानं कडक करंज्या आणल्या. गल्लीतले लोक उठून बाहेर आले, की मार्गशीर्षात हे पणत्या कशाला लावतात. आप्पांनी त्यांना काही समजावलं नाही. पहिल्यांदाच.

दुपारी भोपळा झाला, भात झाला, आम्ही पंगतीला बसलो. काकूंचा उपास होता, त्या वाढत होत्या. आप्पा म्हणाले, “जेवणाआधी आभार. नोंद घ्या.”

आक्का म्हणाली, “मला बाई कळंना कुनाचं मानू. पर यंदा पोरं तोडीला न्हाई गेली, घरीच हायेत. त्याचं मानते.” मी म्हणाले, खोली बघायला आले त्या दिवशी फळा वाचून परत गेले नाही, त्याचे. काकू म्हणाल्या, “माझे संध्याकाळी घटासमोर मानेन, तुमच्यात नाही.” मग लेकीची पाळी आली. तिनं पोरीच्या तोंडात घास घातला आणि ताटाकडं बघत म्हणाली, “आप्पा जेवायला घरी आहेत.”

आप्पांची मूठ तोंडापर्यंत गेली. त्यांनी हातानंच खूण केली, जेवा.

दहा दिवसांनी लेक निघाली. मी शाळेला दांडी मारून स्टँडवर गेले. तीच पुण्याची गाडी, तोच फलाट क्रमांक दोन. ती खिडकीत बसली. काकू पिशव्या मोजून आत देत होत्या. ऑफिसात नवा कंट्रोलर होता, आप्पांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं आप्पांना बघितलं आणि दारात येऊन हाक मारली, “आप्पा, या ना! माईक घ्या. लेकीची गाडी, तुमच्याच आवाजात जाऊ द्या.”

आप्पा खिडकीखाली उभे होते. वर हात करून त्यांनी नातीची बोटं धरली होती. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“आज नाही,” ते म्हणाले. “आज माझी सुट्टी आहे.”

नव्या कंट्रोलरला त्यांची खोड माहीत होती. तो हसत म्हणाला, “सुट्टी? मग कारण काय लिहू?”

गाडी सुरू झाली. आप्पा खिडकीचा गज धरून तिच्याबरोबर चालायला लागले.

“लिही,” ते म्हणाले, “लेक चालली.”